शेवटच्या सीटवरची बाई

डोंगरावरच्या बुद्धमंदिरात टूरच्या बसमधल्या शेवटच्या सीटवरच्या बाईने प्रश्न विचारून विचारून गाइडला भंडावून सोडलं होतं. एरवी पोपटासारखा बोलणारा तो चक्क अडखळत होता आणि ड्रायव्हर गालातल्या गालात हसत होता.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गाइड एकेका जोडप्याचे फोटो काढत सुटला. बाई मात्र बाजूला एकटीच उभी. ड्रायव्हरला राहवलं नाही.

"ताई, एकट्याच आलात?"

"छे हो, नवऱ्याबरोबर आलेय."

"मग बोलवा की त्यांना फोटोला!"

मंदिरात प्रश्न विचारताना करायची, तसाच बाईने हात वर केला.



"अहो गाइड, पुरे झाले लोकांचे फोटो! आता बायकोशेजारी उभे राहा. सीझनमध्ये नवरा दिसावा म्हणून तिकीट काढून आलेय मी!"