मिरजेचा नवा मॅनेजर

"सूनबाई, बाळाला सारखं नावानं हाकारू नकोस, यंत्र ऐकतंय," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मृण्मयीनं ते हसण्यावारी नेलं होतं. मिरजेच्या कबड्डी संघाचा जनरल मॅनेजर हल्ली यंत्र नेमायचं. घराघरातलं बोलणं ऐकायचं आणि ज्याचं नाव जास्त वेळा घेतलं जाईल, त्याला निवडायचं.

गावाला कबड्डी शिकवणाऱ्या दिनकर महाडिकांची निवड पक्की, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. पण गुरुजनांचं नाव घ्यायचं कसं? जो तो म्हणायचा, "सरच येणार!"

इकडे मृण्मयीचा दिवसभर जप, "शार्विल, माती नको! शार्विल, पडशील!"

नेमणूक आठ महिन्यांच्या शार्विलची झाली. सोमवारपासून पन्हाळ्याला महिनाभर शिबिर, एकट्यानं.

"अहो, त्याला दात येतायत!" मृण्मयी रडकुंडीला आली.

"फेरमोजणी आहे रविवारी," नवरा म्हणाला. "तोवर तू त्याला नुसतं 'ए' म्हण."

सर बिचारे दोन दिवस घराबाहेर पडलेले नाहीत. वाचकहो, मृण्मयीची विनवणी आहे, त्यांच्याकडे जरा डोकावून या, जेवलेत का विचारा. आणि दारातून हाक मारताना, कृपा करून, 'सर' म्हणू नका.