दोघींपुरती भाषा

ख्रिस्ती सिस्टरांची दोन छोटी कॉलेजं, आणि संध्याकाळपर्यंत एक ठरवायचं होतं. श्रीलक्ष्मीचं तर घडीत हे, घडीत ते. चंद्रिकाआजींच्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. तंजावर सोडून चेन्नईत आल्यापासून घरातली मराठी आटत आटत आजी-नातीपुरती उरली होती. पोर हॉस्टेलात गेली की तीही संपणार.

पहिलं कॉलेज पाहून दोघी दुसऱ्यात आल्या. तिथल्या वयस्कर प्रिन्सिपल सिस्टर चष्म्यावरून रोखून बघत तमिळमध्ये नियम सांगत सुटल्या. वर्गात फोन नाही, उशिरा येणं नाही, उलट उत्तर तर मुळीच नाही.

आजींची चुळबुळ वाढली. चेन्नईत चारचौघांसमोर मनातलं बोलायला मराठीसारखी सोय नाही. सिस्टरांकडे हसून बघत त्या नातीला म्हणाल्या, "बाई मोठी खाष्ट दिसते गं! चल, ते पहिलंच बरं."

"अज्जी, हळू!"

"हळू कशाला? हिला काय कळतंय?"

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.



"खाष्ट तर मी आहेच, आजी, पण आहे वसईची. पोरीला इथंच ठेवा, रागावले तरी मराठीतच रागावेन."