डावा हात

हातमोजा याही वेळी गप्पच राहिला. जुन्या वस्तूवरची झीज वाचून, ती वापरणाऱ्याची बोटं चालायची तशीच मोजा घालणाऱ्याची चालवणारा तो मोजा! पण हाडाच्या या वाकड्या पट्टीपुढे विद्यापीठाच्या तिघा विद्यार्थ्यांनी सकाळपासून हात टेकले होते.

"लिहा, उपयोग अज्ञात," संग्रहालयाच्या कानडे मॅडम वैतागून म्हणाल्या. "उद्या गोदामात टाका."

चौथी तेजल. पहिल्याच दिवशी पेढा डाव्या हातात घेतला म्हणून मॅडमनी तिला झापलं होतं. ती चाचरत म्हणाली, "मॅडम, मी... डाव्या हाताने बघू?"

"बघ बाई."

तिने मोजा उलटा करून डाव्या हातात चढवला. पट्टी धरताच बोटं सरसर चालू लागली आणि चाचणीसाठी समोर ठेवलेल्या ओल्या मातीवर नागमोडी नक्षी उमटली. कपाटातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यावर होती, हुबेहूब तीच!

"अगं, डावखुरी होती की ही कुंभारीण!" मॅडम चक्क ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी आणि मोजा दालनात सर्वांसाठी मांडले गेले. शेजारी मॅडमच्या अक्षरात पाटी होती: 'कृपया उजवा हात लावू नये.'