थोडं

डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, मी आईला आपल्या भाषेत.

"दुखतंय थोडं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

मी डॉक्टरांना सांगितलं, "रेझर-शार्प. अगदी बोन-डीप." वस्तरा जोडल्याशिवाय इंग्रजीत दुखणं पोचत नाही.

"पण त्या तर दोनच शब्द बोलल्या!"

"हात मोडला तेव्हाही एवढंच म्हणाली होती. आणि मग स्वयंपाकाला लागली."

त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं. निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "यू लुक डॉग-टायर्ड."

घ्या, इंग्रजीत दमायलाही कुत्रं लागतं.

"थोडी दमलेय," माझ्या तोंडून आपल्याच भाषेत निघून गेलं.

आई कण्हत कण्हत भिंतीकडे सरकली. पलंगावर तिने माझ्यापुरती जागा केली होती.