हवेतून खालचा वार

"आधी उडी मार, अम्मी. मग हवेत असतानाच खालचं बटण अन् माराचं बटण, दोन्ही एकाच दमात," मुबीन म्हणाला.

खुर्शीदाबाईंनी रिमोट घट्ट धरला, डोळे बारीक केले आणि उडी न मारताच बटणं दाबली. टीव्हीवरचा लाल पहिलवान जागच्या जागी खाली बसला.

"हा काऊन बसला?"

"जमिनीवर दाबलं तर बसनच ना तो!"

वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये हा व्हिडिओ गेम आणला होता अकरमनं, मुबीनच्या थोरल्या भावानं. मुबीन तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर होता. तो हा गेम तिकडच्या पोरांत शिकला. मूल गावाकडच्या रस्त्यावर ट्रकनं अकरमची मोटरसायकल उडवली, तेव्हा मुबीन मातीला म्हणून घरी आला आणि परत गेलाच नाही. चाळिसावा झाला तरी तो खोलीबाहेर पडेना. समोर ठेवलं तर जेवायचा, विचारलं तर हं म्हणायचा.

अशात एका दुपारी अम्मीनं टीव्हीवरची धूळ पुसली आणि रिमोट त्याच्यापुढे धरला. "मले शिकव."

मुबीन चक्रावला. तरणाताठा मुलगा गेलेल्या बाईला हे काय सुचावं? त्यानं वडिलांकडे पाहिलं. अयूबभाई डबा उचलून ड्यूटीवर निघून गेले.

तो नाहीच म्हणणार होता. पण अम्मीचा पहिलवान कुणी न मारता फळीवरून आपणच दरीत पडायला लागला, तेव्हा त्याला राहवेना.

"हे पाय," तो म्हणाला. "ही हवेतली फळी. दुसरा फळीबाहेर गेला की त्याच्या डोक्यावर उडी घ्याची अन् टाचा खाली मारायच्या. टाचा ताठ होतात तेवढ्यातच लागलं पायजे. तो सरळ खाली जाते. उशीर झाला तर नुसता धक्का बसते, तो वर येते."

"अन् माहा नेम चुकला तं?"

"मंग तूच खाली. वार सुरू झाला की मधात थांबता येत नाई."

"पडलेल्याले वर आणता नाई येत?"

"नाई. खाली गेला तो गेला."

हे बोलून मुबीनच थबकला. मग भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा तो रडला, अगदी लहान पोरासारखा. अम्मीनं रिमोट खाली ठेवला आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टीव्हीसमोर. पुन्हा तीच चूक. मुबीनला काही कळेना. शेजारपाजारच्या ओढण्यांवर नाजूक जरीकाम करणारी ही बाई. तिच्या बोटांना दोन बटणं एकत्र दाबता येऊ नयेत? तो चिडायचा, ओरडायचा. "अम्मी, काऊन पडून राह्यली तू!" मग आपणच हसायचा. बोलता बोलता दोन घास जास्त जायचे. पुढे तो संध्याकाळी बाहेर फिरून येऊ लागला आणि एक दिवस स्वतःच म्हणाला, "परीक्षा जवळ आली. जातो मी."

अम्मीनं डबा भरून दिला. शेजारच्या क्वार्टरमधला लोकेश, अकरमचा जिवलग दोस्त, अम्मीला खाला म्हणजे मावशी म्हणायचा; तो त्याला बसस्टँडवर सोडायला आला. मोटरसायकलवर बसताना मुबीनचे पाय क्षणभर अडले. मग तो बसला.

गेटबाहेर आल्यावर तो मागून म्हणाला, "लोकेशभाऊ, अम्मीले थोडं शिकवत जा. इतक्यांदा सांगतलं, पण खालचा वार काही जमत नाई तिले."

लोकेशनं गाडी कडेला घेतली आणि तो मागे वळला.

"कोणाले, खालाले?" तो म्हणाला. "अबे, अकरमले तो वार खालानंच शिकवला होता."