सलामीवीराची बाजू

डायलिसिसच्या खोलीत मास्तर आणि ट्रकड्रायव्हर यांच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. मी दोघांना मशीनला जोडलं की समोरच्या टीव्हीवर सामना आणि इकडे भांडण सुरू व्हायचं. विषय एकच, आपल्या कसोटी संघाचा संथ सलामीवीर.

“जुन्या वैऱ्यांशी मालिका चाललीय आणि हा शंभर चेंडूंत बारा धावा काढतो! मास्तर, ही बॅटिंग आहे की उपोषण?”

“अरे, समोरून आग ओकतायत ते. कसोटीत धावा नंतर. आधी टिकायचं.”

“नुसतं टिकून काय लोणचं घालायचंय?”

मागच्या आठवड्यात मास्तर गेले. मी सांगितलं तेव्हा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, “सिस्टर, टीव्ही बंद करा.”

आज त्या खुर्चीवर नवा पेशंट आला आणि त्याने टीव्ही लावायला सांगितला. सलामीवीर तासभर चार धावांवरच अडकलेला बघून तो वैतागला, “हाकला हो या कासवाला! काय उपयोग याचा?”

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याला अखेर जोडीदार मिळाला होता.


ड्रायव्हर डोळे न उघडताच म्हणाला, “कसोटीत धावा नंतर, दादा. आधी टिकायचं.”