बिल्ला नंबर दोनशे बारा

"सोमाजीचं नाव त्या दगडावर टाकू नका, बाई," भैयाजी तिसऱ्यांदा म्हणाले.

रत्नमालानं पेनाला टोपण लावलं. भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून बपेरा, दोन एस्ट्या बदलून ती आली होती. दुसरीत तर उभ्यानं. गुडघे ठणकत होते. आणि हा म्हातारा खाटेवर बसून एकच पालुपद लावून होता.

"काहून पण? तुमचा सख्खा भाऊ ना तो? भट्टी फुटली, सात माणसं गेली. सहा घरच्यांनी सही दिली, फोटो दिले. एक म्हातारी तर रडली, म्हणे चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. अन् तुम्ही!"

भैयाजींनी सहीचा कागद परत तिच्याकडं सरकवला.

भंडाऱ्यातला तो पितळेचा कारखाना बंद पडून जमाना झाला होता. शेड भंगारात गेलं, जागेवर प्लॉट पडले. रत्नमाला वाचनालयात कारकून. पडक्या भिंतींतून तिनं हजेरीपट, साचे, कामगारांचे पितळी बिल्ले वेचून आणले आणि वाचनालयाच्या कपाटात मांडले. लोक हसले. हसोत बापडे! नगरपालिकेत चपला झिजवून तिनं जुन्या गेटच्या जागी एक दगड बसवायची परवानगी मिळवली. सात नावांचा दगड. कोरणारा उद्या सकाळी येणार होता. नाव एकाचंही चुकायला नको, एवढाच तिचा हट्ट होता. माणूस गेला तर गेला, पण कुठं गेला ते घरच्यांना कळायला हवं.

हा हट्ट कुठून आला ते तिला पक्कं माहीत होतं. ती आठ वर्षांची असताना तिचा बाप, परसराम, सकाळी घरातून गेला तो गेलाच. मिळेल ते काम करणारा माणूस. आज हमाली, उद्या विटा. मोहल्ल्यानं ठरवून टाकलं, रायपूरला बाई ठेवली. आई, चंद्रभागाबाई, आधी सगळ्यांशी भांडायची. मग तीही तेच म्हणायला लागली. "नव्या चपला घालून गेला, मामानं आंदण दिलेला माझा डबा घेऊन गेला. परत येणारा माणूस असा जाते का?" तरी मरेपर्यंत तिनं गळ्यातली सौभाग्याची काळी पोत काढली नाही. रत्नमालाला बापाचा अजूनही राग यायचा, आणि आता त्या रागाचाही कंटाळा आला होता.

सोमाजीची बायको तुळसा चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली तेव्हा तिच्याही गळ्यातली काळी पोत पुढं आली. आईसारखीच ही, रत्नमालाच्या मनात आलं.

"सही नका देऊ," रत्नमाला भैयाजींना म्हणाली. "पण हे तरी पाहून घ्या." तिनं पिशवीतून एक काळवंडलेला बिल्ला काढून खाटेवर ठेवला. नंबर दोनशे बारा. सोमाजीचा.

भैयाजींनी तो उचलला. बराच वेळ अंगठ्यानं आकडे चोळत बसले.

"कडी वाकडीच हाय अजून. गेटच्या फाटकात अडकली होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

भैयाजींनी बिल्ला खाटेवर ठेवला. मग तुळसाच म्हणाली, "सांगून टाका जी. आता किती दिवस?"

"मीच सोमाजी," म्हातारा म्हणाला.

रत्नमालाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"रोवण्याचे दिवस होते. रजा भेटत नव्हती. तवा आम्ही सगळेच करत होतो तसं. गेटवर कामाच्या आशेनं माणसं उभी राहत. त्यातल्या एकाले आपला बिल्ला द्याचा, तो आपल्या नावानं पाळी करे, अन् आपण गावी धान रोवाले. मी इकडं बांधीत चिखलात उभा होतो, अन् निरोप आला का सोमाजी मेला. ओळखाजोगं काही उरलंच नव्हतं. बिल्ल्यावरून ओळखलं त्यायनं."

"अन् तुम्ही गप्प बसलात?"

"हिले माझ्या जागी लावून घेतलं कारखान्यानं. दोन पोरं होती. म्हटलं, पंधरा दिवसांनी सांगू." म्हातारा हसल्यासारखा झाला. "नदीपलीकडं मध्यप्रदेशात तीस वर्षं काढली. मंग आलो, तो माझाच भाऊ होऊन."

रत्नमालाला संताप यायला हवा होता. आला तो नुसता शीण. "अहो, पण त्याच्याही घरी कोणी असेल ना? जन्मभर वाट पाहिली असेल त्यांनी! नाव काय होतं त्याचं?"

"नाही विचारलं, बाई. मले गाडीची घाई. एवढंच म्हणाला तो, तुम्ही परत आले का बिल्ला आणून देतो."

तुळसा उठून आत गेली. लुगड्यात गुंडाळलेला एक पितळी डबा तिनं आणून रत्नमालासमोर ठेवला. लखलखीत होता.

"मयताचं सामान म्हणून मले देलं होतं हे. भट्टीपासून दूर, झाडाले टांगलेलं होतं म्हणून वाचलं. दर अमावस्येले चिंचेनं घासतो. दुसरं काय करू शकत होतो आम्ही?" तिनं पदरानं झाकण पुसलं. "याच्यावर अक्षरं हायेत. आम्हा दोघायले वाचता येत नाही, अन् दुसऱ्याले दाखवाची हिंमत नाही झाली. तुम्ही शिकल्यासवरल्या. वाचा काय हाय ते, अन् त्याच्या घरच्यायले शोधा."

रत्नमालानं चष्मा लावला आणि डबा दाराच्या उजेडाकडं धरला. घासून घासून अक्षरं झिजली होती, पण लागत होती.

'चंद्रभागास, मामाकडून.'